तुमच्या कॉम्पॅक्ट एसयूव्हीत काय असायला हवे होते? गोव्यातल्या वाटा आणि गोव्यातला पाऊस डोळ्यांसमोर ठेवून सांगा

चिऱ्याचा_गडगा, डिचोली

नमस्कार मंडळी,

माझी कॉम्पॅक्ट एसयूव्ही आता चार वर्षांची झाली. साठ हजार किलोमीटर धावली. चोर्ला घाटातून बेळगावला किती वेळा नेली त्याचा हिशेब नाही. बाबांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले तेव्हा जुन्या गाडीत त्यांना खाली वाकून बसता येत नव्हते. हिची सीट बरोबर कमरेच्या उंचीला येते, त्यामुळे ते आजही कुणाचा हात न धरता चढतात. एवढ्या एका गोष्टीसाठी मी ही गाडी पुन्हा घेईन. हा धागा गाडीला नावे ठेवायला काढलेला नाही.

पण गेल्या रविवारी आमच्या वाड्यात, म्हणजे वस्तीत, शिरताना डावा आरसा पुन्हा गडग्याला, म्हणजे वाटेकडच्या दगडी भिंतीला, घासला. तिसरी वेळ. काच वाचली, पण बाहेरचे कवच तडकले आणि सिग्नलचा दिवा वायरीवर लोंबायला लागला. गाडी लावली आणि टेप घेऊन परत वाटेवर गेलो. शेजाऱ्यांच्या गडग्यापासून समोरच्या गडग्यापर्यंत, सगळ्यांत अरुंद जागी, सव्वादोन मीटर. मग गाडी मोजली, आरसे उघडे ठेवून: दोन मीटर आणि वर दोन बोटे. उरली एक वीत, तीही दोन्ही बाजूंची मिळून. पावसाळ्यात गडग्यावर शेवाळ चढते, नेचे बाहेर झुकतात, तेव्हा ती वीतही डोळ्यांना दिसत नाही.

मग हिला 'छोटी गाडी' का म्हणतात ते शोधत बसलो. २००६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचे अबकारी शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले, आणि छोटी गाडी कोणती तेही तिथेच ठरले. लांबी चार मीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत. जीएसटी आला तरी माप तेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून या मापात बसणाऱ्या गाडीला १८ टक्के कर, न बसणारीला ४० टक्के. रुंदीबद्दल त्यात एक शब्द नाही. म्हणून सगळ्या गाड्या ३९९० ते ३९९५ मिलिमीटरवर येऊन थांबल्या आणि वाढायचे ते आडव्या वाढल्या. ब्रेझा १७९० मिलिमीटर, नेक्सॉन १८०४, एक्सयूव्ही थ्रीएक्सओ १८२१. हे सगळे आकडे आरसे सोडून. वॅगनआर १६२० आहे, म्हणून तर आमच्या वाड्यात ती अजून घरोघरी दिसते.

माझी मागणी सरळ आहे. उंच सीट, उंच गाडी, चांगले इंजिन राहू दे, पण अंगाने १७०० मिलिमीटरच्या आत बसणारी एक तरी एसयूव्ही मनापासून बनवा. तोपर्यंत बटणाने मिटणारे आरसे सगळ्यात स्वस्त मॉडेललाही द्या, आणि कॅमेरा मागे देता तसा पुढच्या डाव्या कोपऱ्यालाही द्या. मागचे पार्किंग सेन्सर जुलै २०१९ पासून सक्तीचे झाले, पण आमच्याकडे गाडी घासते ती पुढून, डावीकडे.

तुमच्या गाडीत काय हवे होते ते लिहा. कंपन्यांची उणीदुणी नकोत. वस्तू सांगा, आणि ती कुठल्या दिवशी आठवली ते सांगा.

वाळपईचा_पाऊस

मागच्या काचेला वायपर. माझी पहिली मागणी हीच, दुसरीही हीच.

आमचे मधले व्हेरिएंट. सनरूफ आहे, मोठा स्क्रीन आहे, मागचा वायपर नाही. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आमच्या सत्तरी तालुक्यात त्याहून जास्त, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मी मागचे काही न बघता गाडी चालवते. होंड्याहून वाळपईला येताना मागे ट्रक आहे की बस, ते फक्त दिव्यांच्या उंचीवरून ओळखायचे.

सेडानवाले म्हणतात, आमच्याकडे वायपर नसतो तरी दिसते. त्याचे कारण आहे. सेडानची मागची काच तिरपी असते, छतावरून येणारी हवा तिच्यावरून वाहत जाते आणि पाणी मागे ढकलते. आपल्या गाडीची पाठ उभी. हवा छताच्या कडेला सुटते आणि मागे पोकळी तयार होते, ती चाकांनी उडवलेला चिखल ओढून काचेवर थापते. म्हणून पाऊस थांबल्यावरही आपली मागची काच लाल असते. सत्तरीच्या मातीचा रंग तुम्हाला माहीत आहे.

दुसरे, काचेवरचे धुके. याबद्दल नव्या लोकांसाठी थोडे सविस्तर लिहिते, कारण मी स्वतः दोन पावसाळे चुकीचे करत होते. धुके दोन प्रकारचे असते. आतून धरते तेव्हा एसी चालू ठेवून हवा काचेवर सोडायची आणि बाहेरची हवा आत घ्यायची. पण आपल्याकडे जुलैत काच बाहेरूनही धरते. बाहेरच्या हवेत इतका दमटपणा असतो की चोवीस-पंचवीस अंशांनाच दव पडू लागते, आणि एसीने काच त्याहून गार केलेली असते. अशा वेळी काचेवर गार हवा सोडली की धुके वाढते. एसीचा झोत काचेवरून काढून अंगावर घ्यायचा, तापमान दोन-तीन अंशांनी वाढवायचे आणि पुढचा वायपर एकदा मारायचा. लगेच दिसायला लागते.

आरशांना मात्र वायपर नसतो. म्हणून बाजूचे आरसे गरम करणारी तार हवी. मागच्या काचेत ज्या तारा असतात तसलीच. काही टॉप मॉडेलना ती येते. पाऊस काय मॉडेल बघून पडतो?

मये_तळ्याकाठी

मागच्या वायपरला माझेही मत. गेल्या वर्षी डीलरकडून बाहेरून बसवून घ्यायला गेलो तर म्हणाले काचेला भोक नाही, मोटरला जागा नाही, वायरिंग नाही. म्हणजे गाडी घेतानाच बघायला हवे.

माटोळी, फोंडा

मी चवथीच्या दिवसाबद्दल लिहिते.

आमचा गणपती दरवर्षी चित्रशाळेतून गाडीने घरी येतो. मूर्ती मोठी नाही, पण शाडूची म्हणजे जड, आणि पाटासकट उचलायची. गाडी नवी आल्यावर पहिल्या वर्षी ठरवले की डिकीत ठेवू, जागा भरपूर आहे. दीर आणि माझा मुलगा दोघांनी पाट धरला, आणि डिकीच्या तोंडाशी येऊन थांबले. डिकीचा काठ पार पोटाशी आला, आणि आतली जमीन त्या काठापेक्षा वीतभर खाली. म्हणजे मूर्ती आधी उंच उचलायची, मग हात लांब करून आत खोल उतरवायची. दोघांचेही हात थरथरत होते. मी म्हटले, नको, परत घ्या. शेवटी सासूबाई मागच्या सीटवर बसल्या आणि पाट मांडीवर घेतला. कुर्टीच्या चढावर त्यांनी डोळे मिटून आरती पुटपुटायला सुरुवात केली, आणि मी दुसऱ्या गिअरच्या वर गेले नाही.

तेव्हापासून मी कुठलीही गाडी बघायला गेले की डिकीचे दार उघडते आणि काठाला हात लावून बघते. लिटरचे आकडे सगळे सांगतात. नेक्सॉन ३८२, कायलाक ४४६. काठ जमिनीपासून किती उंच आणि आतली जमीन त्याच्या किती खाली, हे माहितीपत्रकात कोणी छापत नाही. गॅसचे सिलिंडर, तांदळाचे पोते, माहेरून येणारे नारळ, सगळे याच काठावरून जाते.

माझी यादी: काठाला समपातळीत आणता येईल अशी उचलायची फळी, सामान बांधायला चार पक्क्या कड्या, आणि मागची सीट दोन भागांत मुडपणारी, सगळ्या मॉडेलना. आमच्याकडे सीट अखंड आहे. माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांचे, सामान आणायला म्हापशाच्या बाजारात गेले की कवंडळे, घागऱ्या, आंब्याचे टाळे, सुपारीची कातरे, सगळे येते. सुपारीचे कातर लांब असते, त्यासाठी पूर्ण सीट पाडायची म्हणजे मग माणसाने बसायचे कुठे?

अल्तिनोची_चढण

वाळपईताई, वायपर हवाच, पण सनरूफला सगळे जण एकदम मोडीत काढतात तेव्हा थोडे वाईट वाटते. माझी मुलगी सहा वर्षांची आहे. नोव्हेंबरनंतर संध्याकाळी अटल सेतूवरून जाताना ती मागे सीटबेल्ट लावून बसूनच वर बघते, पुलाच्या तारा मोजते. डोके बाहेर काढू देत नाही, कधीच. माझ्यासाठी त्या काचेचे पैसे वसूल झाले. एका घराला ज्याचे कौतुक नाही ते दुसऱ्या घराला हवे असते. म्हणून मला वाटते की सुरक्षेच्या आणि दिसण्याच्या गोष्टी सगळ्यांना सक्तीने द्याव्यात आणि बाकीच्या वेगवेगळ्या निवडू द्याव्यात. आज सनरूफ हवे असेल तर सोबत आणखी दहा गोष्टी घ्याव्या लागतात.

माझी स्वतःची मागणी हवेशीर, म्हणजे आत पंखा असलेल्या, सीटची. कापडी असली तरी चालेल. मे महिन्यात पणजीत उन्हात उभ्या गाडीत बसले की शर्ट पाठीला चिकटतो, आणि मग ऑफिसात दिवसभर तसेच.

पाना_दहा_बारा, म्हापसा

मी गॅरेज चालवतो, वीस वर्षे झाली. धागा वाचून राहवले नाही म्हणून लिहितो. लिहिण्याची सवय नाही, सांभाळून घ्या.

सनरूफवाल्या बाबांनी एक काम करावे. सनरूफच्या चौकटीला चारही कोपऱ्यांत बारीक नळ्या असतात. छतावर पडलेले पाणी थोडे चौकटीत उतरतेच, ते या नळ्यांतून खांबांच्या आतून खाली जाऊन बाहेर पडते. सनरूफ गळत नसते, नळी तुंबलेली असते. गोव्यात गाडी आंब्याखाली, माडाखाली, फणसाखाली उभी असते. मोहोर पडतो, बारीक पाने पडतात, धूळ पडते, पाऊस आला की त्याचा चिखल होतो आणि नळीच्या तोंडाशी बसतो. मग पाणी आतल्या आत खांबातून उतरून पायाखालच्या चटईखाली जाते. चटई वरून कोरडी, खाली फोम ओला. पहिली खूण वास. दुसरी खूण, काच रोज आतून धरते. वाळपईताई, तुमच्या गाडीत हे एकदा बघाच. तिसरी खूण दिसते तेव्हा उशीर झालेला असतो, कारण चटईखालून वायरींचे जोड जातात आणि ते हिरवे पडतात.

मेच्या शेवटी सनरूफ उघडून चौकट ओल्या कापडाने पुसा, कोपऱ्यात कपभर पाणी हळू ओता, आणि चाकामागे खाली टपकते का बघा. जोराची हवा मारू नका, आत नळी जोडावरून सुटते. मग सगळा डॅशबोर्ड काढावा लागतो.

दारांचेही तेच. प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला दोन-तीन फटी असतात, काचेवरून दारात गेलेले पाणी बाहेर पडण्यासाठी. लाल मातीने त्या बंद होतात. दार हलवले की आत पाणी डुचमळल्याचा आवाज येतो, लोक म्हणतात स्पीकर खराब झाला. किनाऱ्याकडच्या गाड्यांत, हणजूण, मोरजी, कळंगुट, दाराची खालची शिवण आतून गंजून येते ती यामुळेच. बाहेरून फोड दिसतो तेव्हा आतला पत्रा गेलेला असतो.

आता माझी मागणी. कंपन्यांनी या नळ्यांची तोंडे हाताला लागतील अशी करावीत, वर बारीक जाळी द्यावी, आणि मालकाच्या पुस्तकात चित्र काढून दाखवावे. बोनेटखाली जिथून उंदीर शिरतात तिथे कारखान्यातूनच जाळी बसवावी. पावसाळ्यात शेतात पाणी भरले की उंदीर कोरडी आणि ऊबदार जागा शोधतो, आणि संध्याकाळी उभी केलेली गाडी त्याला पोळीसारखी गरम लागते. आणि हवा ओढणारा पाइप कुठल्या उंचीवर आहे ते माहितीपत्रकात छापावे. एसयूव्ही म्हणून लोक पाण्यात घालतात. इंजिनात पाणी गेले तर पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका, ढकलून बाहेर काढा आणि टोइंगला फोन करा. विम्यात इंजिनसाठी वेगळी जोड घेतलेली नसेल तर हा खर्च बहुतेक वेळा खिशातून जातो.

वाळपईचा_पाऊस

पाना_दहा_बारा, मनापासून आभार. उद्या सकाळी कपभर पाणी ओतून बघते.

निवृत्त_भौतिकशास्त्र, साखळी

दिव्यांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. माझे वय अडुसष्ट. डोळ्यांचे ऑपरेशन झालेले आहे, तपासणी नियमित आहे, आणि तरीही पावसाळ्यातल्या रात्री साखळी ते पणजी हा रस्ता आता मला जड जातो.

लोक म्हणतात एलईडी पांढरा असतो म्हणून पावसात दिसत नाही, पिवळा बल्ब धुके कापतो. शिक्षक म्हणून मला हे दुरुस्त करावेसे वाटते. धुक्याचे किंवा पावसाचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने फार मोठे असतात, त्यामुळे पिवळा आणि पांढरा प्रकाश जवळजवळ सारखाच विखुरतो. पिवळ्याने डोळ्याला कमी टोचते, एवढे खरे. रस्ता काळा दिसण्याचे कारण निराळे आहे. कोरडे डांबर खरखरीत असते, दिव्याचा प्रकाश त्यावर पडून सगळीकडे फेकला जातो, त्यातला थोडा आपल्या डोळ्यांकडे परत येतो, म्हणून रस्ता दिसतो. ओल्या डांबरावर पाण्याचा थर असतो, तो आरशासारखा वागतो. आपला प्रकाश पुढे निघून जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो. त्याचा आपल्या डोळ्यांत. दोघेही जास्त दिवे लावतात आणि दोघांनाही कमी दिसते.

म्हणून माझी मागणी दोन दिव्यांची. बंपरमध्ये खाली बसवलेले, रुंद आणि आखूड झोताचे, वरची कडा स्वच्छ कापलेली असलेले फॉग लॅम्प. रस्त्याची पांढरी पट्टी आणि साइडपट्टी दाखवण्यापुरते. पूर्वी ते मधल्या मॉडेललाही येत, आता अनेक नव्या गाड्यांतून गेले. आणि दुसरे, हेडलाइटची उंची खालीवर करणारी छोटी चकती, शून्य ते तीन अशा आकड्यांची. ती बहुतेकांच्या गाडीत आहे, पण कोणी फिरवत नाही. मागे माणसे आणि सामान भरले की गाडीचे नाक वर होते आणि झोत समोरच्याच्या तोंडावर जातो. एसयूव्हीचे दिवे मुळातच उंच. तेव्हा मागे तिघे बसले की चकतीचा एक आकडा वाढवा, म्हणजे झोत खाली येतो. समोरून स्कूटरवर येणाऱ्या माणसासाठी एवढे करा.

बटणांबद्दलही एक. माझ्या मुलीच्या नव्या गाडीत एसीचा पंखा कमीजास्त करायला स्क्रीनवर दोनदा बोट लावावे लागते. बटण हाताला ओळखू येते, स्क्रीनकडे बघावे लागते. युरोपात गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासून सिग्नल, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि मदतीची हाक यांसाठी प्रत्यक्ष बटण किंवा दांडी असण्याला गुण ठेवले आहेत. आपल्या भारत एनकॅपची चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे. त्यांनीही हे घ्यावे आणि त्यात समोरच्या काचेचे धुके घालवण्याचे बटण वाढवावे. वाळपईच्या ताईंनी सांगितले ते सगळे चालत्या गाडीत, पावसात, न बघता करता यायला हवे.

सावंतवाडी_पणजी_रोज

सर, झोताचे अगदी पटले. आजच चकती फिरवली.

माझी मागणी स्टेपनी. पूर्ण आकाराची, बाकीच्या चार चाकांसारखीच. मागच्या ऑगस्टमध्ये पत्रादेवीच्या अलीकडे रात्री साडेनऊला पाण्याखालचा खड्डा लागला आणि टायरची बाजू चिरली. वरची सपाट बाजू असती तर पंक्चर किटने वेळ मारून नेता आली असती, बाजूच्या चिरेला किटचा उपयोग नाही. माझ्या गाडीत स्टेपनी होती, पण बारीक, तिच्यावर ताशी ८० किलोमीटरच्या वर जाऊ नये अशी पिवळी चिठ्ठी. ती लावून घरी पोहोचलो, म्हणून तक्रार नाही. पण पुढचे चार दिवस नवा टायर येईपर्यंत रोज शंभरावर किलोमीटर त्या बारीक चाकावर, भर पावसात गेलो, आणि ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढायची.

जुलै २०२०च्या केंद्राच्या नियमदुरुस्तीने ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असेल तर स्टेपनी नसली तरी चालते. शहरात चालत असेल. आंबोलीत, चोर्ल्यात, अनमोडला रात्री किट हातात घेऊन उभे राहण्याची कल्पना करा. इकोस्पोर्टची स्टेपनी मागच्या दारावर बाहेर असायची. डिकीतले सामान न काढता चाक हाताशी. माटोळीताईंना डिकीची जमीनही खाली मिळाली असती. कोणीतरी ती पद्धत परत आणावी.

माटोळी, फोंडा

पण दारावर चाक असले की ते दार आडवे उघडते आणि जड होते. मागे गडगा असेल तर पूर्ण उघडतच नाही. मला वरच उघडणारे दार हवे, पाऊस असला की त्याच्याखाली उभे राहता येते.

दिवाडीकर

आमच्या दिवाडी बेटावर पूल नाही, सगळे फेरीबोटीवर. त्यामुळे आमची परीक्षा वेगळी.

भरतीला फेरीची फळी जवळजवळ सपाट लागते. ओहोटीला फेरी खाली जाते, आणि धक्क्यावरून उतरणारा उतार आणि वर उठलेली फळी यांचा कोन होतो. गाडीचे नाक त्या कोनात जाते आणि बंपरखालची काळी प्लास्टिकची पट्टी 'खर्र' करून घासते. माझ्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स कागदावर २०० मिलिमीटरच्या आसपास. उपयोग नाही, कारण तो आकडा गाडीच्या पोटाखालचा आहे. फेरीवर लागतो नाकाचा कोन. तो किती अंश आहे हे चौकशी केली तर विक्रेत्याला माहीत नव्हते. शिवाय काही कंपन्या रिकाम्या गाडीचा क्लिअरन्स सांगतात, काही भरलेल्या गाडीचा, आणि दोघांची तुलना एका ओळीत होते. गाडीत पाच माणसे बसवून मोजलेला आकडा आणि पुढचा-मागचा कोन, हे दोन्ही छापावे. ती पट्टीही चार स्क्रूंनी काढता येईल आणि स्वस्तात मिळेल अशी असावी.

आणि हाताने ओढायचा हँडब्रेक. फेरीचा लोखंडी तळ ओला असतो, गाड्या एकमेकींना खेटून, पुढच्या गाडीत आणि आपल्यात हातभर अंतर. ती दांडी ओढली की हाताला कळते किती लागला. माझ्या भावाच्या गाडीत बटण आहे. तो म्हणतो विश्वास ठेव. मी त्याच्या गाडीत असलो की पाय ब्रेकवरून काढू देत नाही.

ऑटोमॅटिक घेणाऱ्यांसाठी: एएमटी, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सचे क्लच आणि गिअर यंत्राने बदलणारी गाडी, असेल तर चढावर रेंगाळत ठेवू नका. आत क्लच एकच, तोच घसटतो आणि तापतो. फेरीच्या रांगेत चढावर ब्रेक धरून थांबा, पुढची गाडी पूर्ण गेली की मगच निघा. हिल होल्ड, म्हणजे चढावर ब्रेक सोडल्यावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय, नसलेली एएमटी तर घेऊच नका.

चिऱ्याचा_गडगा, डिचोली

मंडळी, तीन दिवस धागा वाचतोय आणि रोज गाडीकडे नव्याने बघतोय.

पाना_दहा_बारा, तुमचे ऐकून मी कपभर पाणी ओतले. उजवीकडे चाकामागे टपकले. डावीकडे काहीच नाही. चटईची कड उचलली तर खाली फोम दाबल्यावर बोटांना पाणी लागले. कोपऱ्यातून काय निघाले सांगू? दारात रतांब्याचे झाड आहे, त्याची वाळलेली बारीक फुले, काळी पडून लगदा झालेली. कापसाच्या काडीने हळूहळू काढली. आता टपकते. फोम मात्र ओला आहे, काय करू?

पाना_दहा_बारा, म्हापसा

सीट काढून चटई पूर्ण बाहेर घ्यावी लागेल, बाब. वरून ड्रायर मारून काही होत नाही. चार बोल्ट असतात सीटला, पण खाली एअरबॅगची पिवळी वायर असते, तिला हात लावण्याआधी बॅटरी काढून थोडा वेळ थांबायचे. स्वतः करू नका, जवळच्या मेकॅनिककडे जा. ओला फोम तसाच ठेवलात तर गणपतीपर्यंत पत्र्याला गंज धरेल.

चिऱ्याचा_गडगा, डिचोली

काम झाले. चटई दोन दिवस पडवीत दोरीवर आहे, खाली पंखा लावलाय. पत्रा अजून स्वच्छ आहे. तुमचे उपकार.

आणि काल बाबांना घेऊन म्हापशाला दोन शोरूममध्ये गेलो. गाडी बदलायची नाही इतक्यात, पण टेप बरोबर नेली. पहिल्या ठिकाणच्या विक्रेत्या मुलाने आधी विचारले काय मोजताय. वाटेचे सांगितल्यावर तो म्हणाला, मी पेडण्याचा, आमच्याकडेही तेच आहे, आणि त्याने टेपचे दुसरे टोक धरले. आरसे उघडे, आरसे मिटलेले, दोन्ही मापे घेतली. बाबा तेवढ्यात प्रत्येक गाडीत चढून-उतरून बघत होते. एका गाडीच्या दाराशी त्यांना हात धरायला मूठच नव्हती, ते त्यांनी लगेच सांगितले, म्हणून तेही वहीत लिहिले.

सोमवारी फोंड्याला उरलेल्या तीन गाड्या बघणार आहे. डिकीच्या काठाची उंची आणि आतली खोली घेईन, माटोळीताईंसाठी. दिवाडीकर, नाकाचा कोन टेपने कसा काढायचा ते सांगाल का? पुढच्या चाकापासून बंपरपर्यंतचे अंतर आणि बंपरची जमिनीपासूनची उंची घेतली तर पुरेल?

निवृत्त_भौतिकशास्त्र, साखळी

पुरेल. चाक जमिनीला जिथे टेकते तिथून बंपरच्या खालच्या टोकाच्या बरोबर खालपर्यंतचे अंतर घ्या, आणि त्या टोकाची उंची. दोन्ही आकडे इथे टाका, कोन मी काढून देतो. चाकाच्या गोलाईमुळे खरा कोन त्याहून थोडा जास्त निघतो, म्हणून चाकाचा व्यासही लिहा.